कोरडी दोरी

त्या मुलखात जमीन थोडी होती आणि पाणी फार. पाण्यावर बाराही महिने धुकं पसरलेलं असे, त्यामुळे तळ्याच्या मध्यावरचं वेताचं बेट काठावरून कधीच दिसत नसे. ते आहे एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दरवर्षी तिकडे जावंच लागे.

काठावर करकोचे राहत. वर्षातून एकदा त्यांच्या पंखांची पिसं एकदम गळून पडत. नवी येईपर्यंत उडायचं नाव नाही, पिल्लांना तर अजून उडता येतच नसे, आणि नेमक्या त्याच दिवसांत काठावरचं गवत वाळून कोल्ह्यांना रान मोकळं होई. म्हणून पिसं गळली की सगळा थवा लेकराबाळांसकट तळ्यातून पायी चालत बेटावर जाई. वाट उथळ असली तर मजेत, गप्पा मारत. वाट खोल निघाली तर पिल्लांची लव भिजून जड होई, आणि पुढे काय होई ते कुणी बोलत नसे.

तळाचा गाळ दरसाल सरके. मागच्या वर्षीची वाट या वर्षी कामाची नाही. त्यामुळे पिसं गळण्याआधी दोन महिने तळं नव्यानं मोजावं लागे, आणि त्यासाठी पाच तरुण करकोचे नेमलेले असत. काठापासून बेटापर्यंत प्रत्येकाला एक पट्टा. पाच पट्टे, पाच दोऱ्या, आणि ज्याची दोरी सगळ्यांत उथळ वाट दाखवील त्याच्या मागून थवा निघणार. ज्याच्या मागून थवा निघाला त्याचा जन्म सार्थकी लागला, असं तिकडे मानत.

मोजणीची रीत सांगायला सोपी होती आणि करायला महाकठीण. पाणकणसाच्या पातींची दोरी वळायची. दहा पावलं पाण्यात जायचं, दोन्ही पाय तळाला टेकवायचे आणि उठलेले तरंग निवेपर्यंत पीसही हलू द्यायचं नाही. मग पाणी पायावर जिथवर चढलं असेल तेवढी दोरी सोडून गाठ मारायची. दोन गाठींमधलं अंतर म्हणजे तिथली खोली. तरंग कधी लगेच निवत, कधी अख्खी दुपार खात. तोवर जळवा चिकटत, मासे डिवचून जात, आणि धुक्यात उभ्या उभ्या आपण जागे आहोत की नाही हेच कळेनासं होई. रोज सकाळी पाचही जण एका सुरात शपथ म्हणत: ‘दोन्ही पाय तळाला, मगच गाठ. जिथे गाठ, तिथे मी उभा.’ रोज म्हणून म्हणून ती इतकी गुळगुळीत झाली होती, की तिच्यात शब्द आहेत हेच विसरायला झालं होतं.

शपथ म्हणवून घेत ते तातोबा. तातोबांचा त्या मुलखात केवढा दरारा! काठावरच्या सपाट खडकावर ते एका पायावर उभे असत. दुसरा पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला. सांधा धरलाय, असं ते म्हणत, आणि एवढ्या थोर करकोच्याचा सांधा धरणारच, असं सगळे म्हणत. तळाचा गाळ निळसर काळा होता, पायाला लागला की महिनाभर त्याचा रंग जात नसे, आणि मोजणाऱ्यांना त्या रंगाचा मोठा अभिमान. तातोबांना आता पाण्यात उतरणं झेपत नाही म्हणून शिष्य रोज कमळाच्या पानावर ताजा गाळ आणून त्यांच्या पायाला भक्तिभावानं चोपडत. अर्थात एकाच पायाला.

खडकामागच्या झाडाला तातोबांची मोजणीच्या दिवसांतली दोरी टांगलेली होती. काय देखणी दोरी! काठापासून बेटापर्यंत सगळ्या गाठी एकसारख्या, गुडघाभर अंतरावर, एक मागे नाही की एक पुढे नाही. तळं कसं मोजावं ते या दोरीकडून शिका, असं नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगत. त्या वर्षी बरीच पिल्लं बेटावर पोचली नव्हती, हेही खरं. पण ते वारा सुटल्यामुळे.

आता यंदाच्या पाच जणांत एक सांजी होती. अंगानं राखाडी, स्वभावानं चिकट. एखादी गोष्ट तिला पटली नाही की ती दिवस दिवस तिच्यापाशीच घुटमळत राही. दुसरी कुसुंबी. तिच्या गळ्याशी लालसर झाक होती आणि चोचीत अशी काही कला, की तिच्या दोरीचं वळणसुद्धा पाहत राहावं. दोघी एकाच वर्षी मोजणीला लागल्या. पहिल्याच महिन्यात सांजी गाळात मांडीपर्यंत रुतली होती, तेव्हा कुसुंबीनं स्वतःची अर्धी मोजलेली दोरी तिच्याकडे फेकून तिला ओढून काढलं होतं. ती दोरी तुटली आणि कुसुंबीचे वीस दिवस वाया गेले. “दोरी काय, परत वळता येते गं,” एवढंच ती म्हणाली. सांजी ते विसरली नव्हती.

यंदा सांजीचा पट्टा भलताच खट्याळ निघाला. कुठे घोटाभर पाणी, कुठे पोटाला लागणारं, पुन्हा गुडघाभर. आणि तीन ठिकाणं अशी, की तिथे तळाशी कुठला तरी झरा असावा. तरंग काही केल्या निवेचनात. सांजी एकेका जागी पाच पाच दिवस उभी राहिली. एकटीनं ते व्हायचं नव्हतं. पलीकडे कुणी दोरी ताणून धरली असती तर तिच्या आधारानं स्थिर उभं राहता आलं असतं, पण प्रत्येकाला आपापला पट्टा होता आणि वेळ कुणालाच नव्हता. शेवटी त्या तीन जागी तिनं गाठीऐवजी आपल्या पंखाखालचं एकेक पांढरं पीस बांधलं. म्हणजे, इथलं मला माहीत नाही.

दोऱ्या दाखवायच्या दिवशी तातोबांनी सांजीची दोरी चोचीत धरली आणि असं तोंड केलं, जणू सडका मासा लागला.

“ही पिसं कसली?”

“तिथलं पाणी निवलं नाही, तातोबा. तिथे किती खोल आहे ते मला माहीत नाही.”

“माहीत नाही?” तातोबा म्हणाले. “माहीत नाही हे सांगायला दोन महिने लागले होय तुला?”

सगळे हसले. सांजीची मान खाली गेली. मग कुसुंबीनं आपली दोरी उलगडली आणि हसणारे चिडीचूप झाले. काठापासून बेटापर्यंत गुडघाभर, गुडघाभर, गुडघाभर. जणू झाडावरची जुनी दोरीच खाली उतरून आली होती. तातोबांचे डोळे भरून आले. “थवा कुसुंबीच्या मागून निघेल,” त्यांनी जाहीर केलं, आणि काठावरच्या आयांनी पिल्लांना कुसुंबी दाखवली. सांजीच्या थोरल्या बहिणीनंही आपली दोन पिल्लं पुढे करून दाखवली.

सांजीलाही आनंद झाला. का होऊ नये? पण टाळ्यांसारखे पंख फडफडत असताना वाऱ्यानं ती दोरी तिच्या चोचीशी आली आणि तिला वास आला. पाणकणसाचा, उन्हाचा, छान कोरडा वास. तळ्याचा वास त्या दोरीला नव्हताच. शेवाळ नाही, जळवांचे डाग नाहीत.

आपल्याला हेवा वाटतोय, दुसरं काही नाही, असं तिनं स्वतःला बजावून पाहिलं. तरी डोळे ऐकेनात. कुसुंबीच्या डाव्या पायावरचा रंग ताजा होता. उजव्यावरचा पार उडून गेला होता. एक पाय काठावर ठेवून दुसरा गाळात बुडवला तर असं होईल, एरवी नाही. एका दुपारी कुसुंबी वेताच्या सावलीत डुलकी घेत होती आणि दोरी शेजारीच पडली होती. सांजीनं श्वास रोखून तिचं एक टोक उचललं आणि झोपलेल्या मैत्रिणीच्या चोचीशी लावली. पहिलं अंतर बरोबर एक चोच. दुसरं बरोबर एक चोच. तिसरं. दहावं. धुकं इतकं दाट होतं, की आपण हे स्वप्नात करतो आहोत असं सांजीला वाटलं, आणि तसं असतं तर किती बरं झालं असतं.

कुसुंबी जागी झाली होती. डोळे मिटलेलेच ठेवून ती म्हणाली, “मोजून झालं?”

सांजीला रडूच फुटलं. “का गं केलंस असं?”

“तीनदा मोजलं मी,” कुसुंबी म्हणाली. “दोन्ही पायांवर. माझ्या पट्ट्यात मध्यावर मोठा खड्डा आहे, सांजे. पाय पुरत नाही. तीनदा खरी दोरी घेऊन गेले आणि तीनदा तातोबांनी झाडावरच्या दोरीकडे चोच वळवली. म्हणाले, ‘तुझे पाय चुकतात, पुन्हा मोज.’ चौथ्यांदा मी पाण्यातच गेले नाही. चौथ्यांदा त्यांनी मला शाबासकी दिली.”

“पण थवा त्याच वाटेनं जाणार आहे!”

“तातोबांच्या दोरीनंसुद्धा गेलाच होता की.”

“आणि पिल्लं?”

कुसुंबीनं डोळे उघडले नाहीत. “तू पिसं बांधलीस. काय मिळालं तुला? जा, सांग जाऊन. मी नाही म्हणणार नाही, पण हो पण म्हणणार नाही.”

दोन दिवस सांजी काठानं नुसती भटकत राहिली. बोलावं तर जिनं आपल्याला गाळातून काढलं तिला आपणच गाळात ढकलायचं. गप्प बसावं तर बहिणीची पिल्लं. ती दोघं आता तिच्या मागे मागे येत, आणि बेटावर बेडूक किती मोठे असतात, असं विचारत. दुसऱ्या दिवशी सांजीची पहिली दोन पिसं गळून पडली. तेव्हा ती उठून तातोबांकडे गेली.

तातोबांनी सगळं ऐकून घेतलं. “हेवा वाईट असतो, पोरी,” ते मायेनं म्हणाले. पण कुजबुज पसरली होती, म्हणून त्यांनी तीन ज्येष्ठ करकोच्यांची चौकशी नेमली. तिघांचेही पाय वातामुळे कित्येक वर्षं पाण्याला लागले नव्हते. त्यांनी दोरी सावलीत अंथरली, गाठी मोजल्या, पीळ तपासला, दोरी ओढून पाहिली. गाठी पक्क्या होत्या. सगळी अंतरं चोचीएवढी आहेत, असं सांजीनं दाखवलं, तेव्हा एक जण म्हणाला, “करकोच्याची चोच आणि करकोच्याचा गुडघा यांत निसर्गानंच मेळ घातलेला असतो.” त्यावर उरलेल्या दोघांनी गंभीरपणे माना डोलावल्या. तळ्यात जाऊन पाहू या, असं सांजी म्हणाली, तर म्हणे ते चौकशीच्या कक्षेत येत नाही.

कुसुंबीला त्यांनी काही विचारलंच नाही. ती जवळच उभी होती, पाण्याकडे पाठ करून.

आता उरला होता थवा निघायचा दिवस. त्या सकाळी काठ गळलेल्या पिसांनी पांढराधोट झाला होता आणि मागच्या गवतातून कोल्ह्यांचा वास यायला लागला होता. पिल्लं आयांच्या पायांत लुडबुडत होती. पाचही मोजणारे आपापल्या पट्ट्याच्या तोंडाशी रांगेत उभे राहिले आणि तातोबांनी शेवटची शपथ म्हणायला घेतली. ‘दोन्ही पाय तळाला, मगच गाठ. जिथे गाठ...’

“तातोबा,” सांजी मध्येच बोलली. तिचा आवाज चिरकला, पण थांबला नाही. “रोज म्हणतो, ते आज करून दाखवू या. निघायच्या आधी ज्यानं त्यानं आपल्या गाठीवर जाऊन उभं राहायचं. सगळ्यांसमोर. मीसुद्धा.”

तातोबांनी मागच्या थव्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या शब्दांवर त्यांचा मान उभा होता, त्यांनाच सगळ्या थव्यापुढे नको कसं म्हणायचं? “वेळ फार नाही,” ते पुटपुटले. “विसाव्या गाठीपर्यंत जा. बस्स.”

सांजी पाण्यात उतरली. घोटाभर, गुडघाभर, पोटाला, पुन्हा गुडघाभर. दोरी म्हणत होती तसंच पाणी तिला भेटत गेलं. विसाव्या गाठीच्या जागी तिचं पहिलं पांढरं पीस होतं. तिथे ती थांबली. थंडगार झरा तिच्या पायांभोवती घोळत होता आणि तळ कुठे संपतो ते कळत नव्हतं. तिनं दोन्ही पाय रोवले. पाणी गळ्याशी आलं. शेजारून चार जणांच्या पायांचा डुबुक डुबुक आवाज यायला हवा होता. तो येत नव्हता.

तिनं मागे वळून पाहिलं. धुक्यातून काठ दिसत होता आणि काठावर ते चौघं. कुसुंबीचा एक पाय काठावर टेकलेला होता आणि दुसरा पाण्याच्या वर उचललेला, हवेत. तो खाली येत नव्हता. सांजीला एवढंच अपेक्षित होतं. पण कुसुंबीच्या पलीकडचाही एका पायावर होता. त्याच्या पलीकडचाही. शेवटचाही. चौघांनी एकेक पाय पोटाशी घेतलेला, माना डौलदार, नजर धुक्यात. इतके देखणे आणि इतके स्तब्ध दिसत होते ते, की निघण्याआधीचा हा काही विधी असावा असं वाटून मागच्या आयांनी माना लववल्या.

“कुसुंबे,” सांजीनं हाक मारली. हाकेत राग नव्हता. पाणी तिच्या चोचीला लागत होतं. “इथे एकटीनं होत नाही गं. दोरी धरायला कुणीतरी हवंय.”

आणि तिनं दोरीचं टोक काठाकडे फेकलं. ते तरंगत तरंगत कुसुंबीच्या पुढ्यात आलं.

मग कुसुंबीचा हवेतला पाय खाली आला. पाण्यात गेला आणि जातच राहिला. दोरीचं टोक चोचीत धरून ती आपल्या पट्ट्यातून चालत निघाली; गुडघ्यावर पाणी, मग पोटावर, मग लाल गळ्यापर्यंत. मागे काठावर एक आई किंचाळली, कारण गुडघाभर वाटेवर कुसुंबीची फक्त चोच दिसत होती. “इथून नाही!” कुसुंबी पाण्यातून ओरडली. “इथून कुणी येऊ नका! मी मोजलं नव्हतं!” ती खड्ड्याच्या कडेवर कशीबशी उभी राहिली आणि तिनं दोरी ताणून धरली. सांजीनं तरंग निवायची वाट पाहिली. फार वेळ लागला. सगळा थवा त्या दोघींच्या बरोबर श्वास रोखून उभा होता. मग सांजीनं पांढरं पीस सोडलं आणि त्या जागी गाठ मारली. पीस तरंगत काठाकडे गेलं.

काठावर डुबुक असा आवाज झाला. तिसरा पाण्यात उतरला होता. मग चौथा, मग पाचवा. तिघंही आपापल्या पट्ट्यातून सांजीच्या दोरीकडे सरकत होते, पाणी छातीला लागलं की दचकत होते, आणि किती खोल आहे ते एकमेकांना ओरडून सांगत होते. अजून दोन पिसं सोडायची होती. त्यानंतर वाट, उथळ सापडेल तिथून.

काठावर आता थवा उरला होता, आणि खडकावर एका पायावर तातोबा.

सांजीची थोरली बहीण पिल्लांना पंखाखाली घेऊन खडकापाशी आली. तिनं झाडावरच्या दोरीकडे पाहिलं. तिची पहिली पिल्लं बऱ्याच वर्षांपूर्वी, त्या वारा सुटलेल्या सालात, याच तळ्यातून चालली होती. तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, “तातोबा, तुमची गाठ कुठे?”

तातोबांनी एकदा धुक्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग त्यांनी आजवर कुणालाच न दिसलेला दुसरा पाय पोटाच्या पिसांतून हळूहळू बाहेर काढला आणि पाण्याच्या दिशेनं खाली सोडला. सांधा धरलेला नव्हता. पाय सरळ होता, गुलाबी आणि मऊ, नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पायासारखा, आणि त्यावर गाळाचा एक ठिपकाही नव्हता.